अव्वांचं गूळ-पाणी

२२ ऑक्टोबर, पाडवा

आज मी ज्ञानूच्या कानाखाली वाजवली, आणि खोटं कशाला लिहू, मला बरं वाटलं.

ज्ञानू म्हणजे आमचा माल पोचवणारा टेम्पोवाला. कोल्हापूरच्या शाहूपुरीत आमचं गुळाचं अडत दुकान आहे, सासऱ्यांपासूनचं, आणि वर माडीवर घर. पाडव्याला नव्या गुळाचा मुहूर्ताचा सौदा होतो. यंदा मी हट्टाने नवऱ्याबरोबर, मृत्युंजयबरोबर, गेले, कारण यंदापासून माझा स्वतःचा धंदा आहे. आलं, सुंठ, वेलची घातलेल्या गुळाच्या वड्या, एका घासाची एक. त्यांच्यासाठीचा गूळ मीच निवडणार, असं मी मृत्युंजयना बजावलं होतं. सौद्यात बाई दिसली की पुरुष घसा खाकरतात, तसे खाकरले. मी लक्ष दिलं नाही. ढेपेत सुरी घालून तुकडा काढायचा, रंग बघायचा, जिभेवर ठेवायचा. खारवट आहे की नाही ते जीभच सांगते. मी पुष्कळ गूळ चाखले आणि एकही थुंकला नाही. मुहूर्ताचा गूळ कोण थुंकतं?

दुकानी परत येऊन ज्ञानूच्या टेम्पोतून खोकी उतरवून घेत होते. एकाएकी घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि भूक अशी लागली की खोक्याचा पुठ्ठासुद्धा खाल्ला असता. तेवढ्यात तो मागून म्हणाला, "वैनी, जरा सरका की." एवढंच म्हणाला. पण हा शब्द मी जन्मभर ऐकलाय. शाळेच्या बाकावर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत. एकशे अठरा किलोची बाई कुठेही उभी राहिली तरी कुणाच्या ना कुणाच्या वाटेतच असते. आता मी त्रेसष्ट किलोची आहे आणि हा अजून सरका म्हणतो.

पुढचं नीट आठवत नाही. थोबाडीचा आवाज आठवतो. तो खाली बसल्यावर मी त्याला लाथ घातली असं मृत्युंजय म्हणतात. मग अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई बसम्मा, जिना उतरून आल्या, हातात गूळ-पाण्याचा तांब्या घेऊन. अव्वा चिकोडीकडच्या, कानडी मुलखातल्या. त्यांच्या माहेरी दारात आलेल्याला आधी गूळ-पाणी, मग नाव-गाव. "उन्हातनं आलीया, डोकं तापलंय पोरीचं. साकु, साकु, बास झालं, सोडा तिला," म्हणाल्या आणि तांब्या माझ्या तोंडाला लावला. बघता बघता मी निवळले. हात थांबले, घाम वाळला.

ज्ञानूची माफी मृत्युंजयनी मागितली. मी नाही मागितली.

१ नोव्हेंबर

माझ्या संयूला बघायला आज निपाणीकर आले, पाच माणसं, दोन गाड्या घेऊन. मुलाच्या आईने संयूकडे बघायच्या आधी ती बसली होती त्या खुर्चीकडे बघितलं. माझी पोर एकोणीस वर्षांची, बी.कॉम.ला आहे, हिशेबात बापाला ऐकत नाही, गाणं गोड म्हणते. पण सत्त्याण्णव किलोची आहे.

ते गेल्यावर मी तिला माझा जुना फोटो दाखवला. चार वर्षांपूर्वी पुण्यात ऑपरेशन केलं तेव्हाचा. पोट कापून अंड्याएवढं ठेवलं आणि आतडं वळवून त्याला जोडलं. पहिल्या वर्षी गोड खाल्लं की छाती धडधडायची, आडवं पडावं लागायचं, म्हणून गुळाच्या पेढीत राहून मी गोडाला शिवत नव्हते. मग ते आपोआप थांबलं. आता सगळं पचतं. तपासणीला जायचंही मी सोडून दिलं, धडधाकट बाईने डॉक्टरच्या दारात कशाला बसायचं?

मी संयूला म्हणाले, मी केलं, तू पण कर, सुटशील. मृत्युंजयना पटलं. निपाणीकरांनाही फोनवर पटलं. ऑपरेशन झालं तर ते परत येतील म्हणे. जानेवारीअखेरची तारीख घेतली. संयू "बघू" म्हणाली आणि भांडी घासायला गेली. भांडी घासायला आमच्याकडे बाई आहे.

९ नोव्हेंबर

शालूबाईचा हात भाजला. माझ्या हातून.

शालूबाई मुरगूडची. दुकानामागच्या खोलीत ती आणि मी वड्या करतो. आल्याचं प्रमाण जमेना, म्हणून सकाळपासून घाण्यावर घाणा काढला आणि प्रत्येक घाण्याची वडी चाखली. शेवटच्या घाण्याला ती म्हणाली, आता बास करूया. मला तिचं तोंड लांब गेल्यासारखं दिसलं, कानात सूं सूं व्हायला लागलं. पळीतला पाक तिच्या हातावर ओतला की उडाला यावर दोन मतं आहेत. उडाला असं माझं मत आहे. पण मी त्या वेळी तिथे होते असं छातीवर हात ठेवून मला सांगता येत नाही.

तिची किंकाळी ऐकून दोन हमाल आत आले. त्यांतल्या एकाच्या तोंडावर मी पितळी परात फेकली. त्याची भुवई फुटली. अव्वांनी माझी मान धरून, लहान पोराला पाजावं तसं, गूळ-पाणी पाजलं. एक तांब्या पुरला नाही, दुसरा लागला. मग मला जे रडू आलं ते शालूबाईच्या हाताकडे बघून आलं.

संध्याकाळी दुकानातून चालले तर हमाल बाजूला झाले. मी "सरका" म्हटलं नव्हतं. लिहायला लाज वाटते, पण मला ते आवडलं. मला वाटतं, चाळीस वर्षं जे गिळलं ते चरबीखाली दडून बसलं होतं. चरबी गेली, आता ते बाहेर पडतंय. पडू दे.

१० नोव्हेंबर

शालूबाई हाताला फडकं बांधून आली. मी तिच्या पाया पडायला गेले तर मागे सरली. म्हणाली, "वैनी, आज पाकाजवळ मी थांबतो. तुम्ही वड्या कापा." मग जरा विचार करून म्हणाली, "न्हाय, सुरी नको. तुम्ही पाकिटंच भरा."

२४ नोव्हेंबर

काल इचलकरंजीला लग्नात मी एका बाईला चावले.

नवरीची मावशी होती. जेवणात बासुंदी होती, जिलेबी होती, आणि "एवढीशी खातीय बघा" म्हणून चार जणींनी आग्रह करून मला वाढलं. जेवण होऊन गप्पा मारत बसलो होतो. मावशी म्हणाली, "ऑपरेशननं कातडं लोंबतंय म्हणं. बघू तुझं." आणि तिने खरोखर माझी बाही वर केली. इथवरचं मला आठवतं. पुढचं मृत्युंजयनी गाडीत सांगितलं. मी तिचा दंड धरून चावले आणि सोडेना. तिघांनी ओढलं तेव्हा तुकडा लोंबत होता. तोंडात रक्ताची चव होती, ती मात्र माझी मला आठवते. कुणीतरी सरबत आणून दिलं, ते प्यायल्यावर मी विचारलं म्हणे, की ही बाई का रडतेय?

निपाणीच्या रस्त्याला लागेपर्यंत... नाही, आम्ही कोल्हापूरलाच येत होतो, माझं डोकं ठिकाणावर नाही. तर वाटेत मृत्युंजयनी गाडी कडेला घेतली आणि माझ्या तोंडाचा वास घेतला. "पितीस का तू?" गळ्यात लिंग बांधलेल्या लिंगायत बाईला हा प्रश्न. मी हसत सुटले. ते हसले नाहीत.

घरी आल्यावर अव्वांनी निदान केलं. पोट बारकं केलं, आग होती तेवढीच राहिली. त्या आगीला घालायला नको का? उद्यापासून सकाळी उठल्या उठल्या, दुपारी आणि दिवेलागणीला गूळ-पाणी घ्यायचं. राग येईपर्यंत थांबायचंच नाही. मला हे पटलं. आजवर मला जर कशाने गुण आला असेल तर तो त्यांच्या तांब्याने.

६ डिसेंबर

उजव्या मनगटाला सुतळीचे वळ आहेत, म्हणून अक्षर असं.

या पंधरवड्यात गूळ-पाणी एकदाही चुकलं नाही, तरी राग वाढलाच. आता तो जवळजवळ रोज येतो. परवा मी शेजारच्या पेढीची काच डोक्याने फोडली. काल मृत्युंजयच्या मांडीत कात्री खुपसली. ते दुकानात पाकिटांचा हिशेब विचारायला आले होते, नेहमीसारखेच. त्यांनी मला खाली पाडलं, गुडघा पाठीवर ठेवला आणि खोकी बांधायच्या सुतळीने हात बांधले. मी त्यांच्यावर थुंकत होते. संयू दारात उभी होती. अव्वांनी तोंडात पाणी ओतलं, निम्मं नाकात गेलं. शुद्धीवर आले तर हे माझे हात सोडवत होते आणि रडत होते, आणि त्यांच्या विजारीतून रक्त वाहत होतं. बावीस वर्षांच्या संसारात मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

मी आता रागाबद्दल फुशारकीने लिहीत नाही. ज्ञानूचं कारण मला सांगता येत होतं. मावशीचंही येत होतं. कात्रीचं येत नाही. हा माणूस एकशे अठरा किलोच्या बायकोला कधी वावगा शब्द बोलला नाही.

आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे आज सकाळी उपाशीपोटी नेलं. रक्त घेतलं. साखर ब्याण्णव, थायरॉईड ठीक, सगळं ठीक. "उत्तम तब्येत आहे," म्हणाले, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि मृत्युंजयना बाजूला घेऊन मनाच्या डॉक्टरचं नाव सांगितलं. बाहेर आल्यावर अव्वांनी पिशवीतून बाटली काढली. "उपाशी हाईस सकाळपासनं," म्हणाल्या. मी सगळी बाटली प्यायले.

दुपारी पुन्हा बांधावं लागलं.

१९ डिसेंबर

संयू आता खोलीला आतून कडी लावते. मी विचारलं तर म्हणाली, अभ्यास करतो. आमच्याकडच्या पोरी अशाच, करते न म्हणता करतो, बोलतात, मीही बोलत होते, सासरी आल्यावर सुधारले. पण माझं लक्ष तिच्या बोलण्याकडे नव्हतं. ती बोलताना माझ्या हातांकडे बघत होती.

तिच्या ऑपरेशनच्या तपासण्या झाल्या. तिने सगळीकडे मुकाट्याने हात पुढे केला. मी म्हणाले, बघ, माझं झालं म्हणून तू आता सुटतेस. ती माझ्याकडे असं बघत राहिली की मला राग यायला हवा होता. आला नाही. अव्वांनी नुकतंच पाणी दिलं होतं.

मनाच्या डॉक्टरकडे संक्रांत झाल्यावर जायचं ठरलंय. सणाच्या तोंडावर दुकान सोडता येत नाही.

१९ जानेवारी

हॉस्पिटलमध्ये आहे. मी पाचव्या दिवशी लिहितेय आणि जे लिहितेय त्यातलं निम्मं मला सांगितलेलं आहे. तरी लिहिणार.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. गूळवाल्यांचं घर, त्यामुळे पेठेतल्या सगळ्या बायका येतात. प्रत्येक बाई हातावर तिळगूळ ठेवणार, गोड बोला म्हणणार, आणि घरच्या सुनेने तो तिच्यासमोर तोंडात टाकायचा. न खाऊन कसं चालेल? त्यातून माझ्या वड्या मी सगळ्यांना वाटत होते, त्या आधी स्वतः खाऊन दाखवत होते. बायका म्हणत होत्या, दानेश्वरी कशी शेलाटी झाली. संयूलाही असंच कर. मी म्हणत होते, ठरलंय, याच महिन्यात.

शेवटची बाई गेली. मी स्वयंपाकघरात आले. संयू ओट्याशी होती, उद्यासाठी बत्त्याने गूळ फोडत होती. ती मला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला माहीत नाही.

मी तिच्या हातातला बत्ता घेतला. पहिला घाव तिच्या खांद्यावर बसला. तिने डोकं वाचवायला डावा हात वर केला, मग मी त्या हातावर मारत राहिले. हाताची दोन्ही हाडं मोडली. ती ओट्याखाली शिरली, मी तिला केसांना धरून बाहेर ओढत होते. अव्वा मध्ये पडल्या तर त्यांना ढकललं, त्यांचे दोन दात गेले. मृत्युंजय वर येईपर्यंत मी स्वतःच खाली कोसळले होते. डोळे फिरले, दातखीळ बसली, सगळं अंग आचके देत होतं. संयूनेच मोडक्या हाताने मला कुशीवर वळवलं. हे अव्वांनी सांगितलं.

इथे आणल्यावर नर्सने रिवाजाप्रमाणे बोटाला टोचून साखर बघितली. एकतीस होती. तिला वाटलं मशीन बिघडलं, तिने दुसरं आणलं.

२१ जानेवारी

इथल्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत, खुर्ची ओढून बसून बोलतात. त्यांनी मृत्युंजयना, अव्वांना आणि मला एकत्र बसवून समजावलं. माझ्या ऑपरेशनचीच ही गोष्ट आहे, पण उशिराची, वर्षांनी उगवणारी, आणि फार थोड्यांना होणारी. गोड पोटात न थांबता सरळ आतड्यात जातं, शरीर घाबरून साखर मोडायचं औषध नको तेवढं सोडतं, आणि मग तासा-दोन तासांत साखर पार तळाला जाते. मेंदूला खायला काही उरत नाही. माणूस घामाघूम होतो, भुकेजतो, चिडतो, मारतो, आणि त्याला ते आठवत नाही. उपाशीपोटी तपासलं तर सगळं छान दिसतं. मनाचा आजार नाही. दारू नाही. अंगात काही आलेलं नाही.

मृत्युंजयनी डोळे मिटले. त्यांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखे ते खाली वाकले.

अव्वांनी विचारलं, "पण माझ्या गूळ-पाण्यानं ती लगेच बरी व्हायची की."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, होणारच, साखर मिळाली की मेंदू जागा होतो. बाका प्रसंग आला तर थोडी साखर द्यायचीच, पण तिच्या मागून लगेच शेंगदाणे, पनीर, असं काहीतरी द्यायचं. नुसतं गोड दिलं की दोन तासांनी तेच पुन्हा. आणि काही नसताना दिवसातून तीनदा द्यायचं म्हणजे तर... त्या थांबल्या. बोलून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं असावं.

अव्वांच्या दातांच्या जागी अजून कापूस आहे.  त्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या. मी सलाईन धरून त्यांच्याजवळ गेले. म्हणाल्या, "दानव्वा, मी चमच्यानं न्हाय, तांब्यानं पाजलं." मी त्यांचा हात धरला. तो थरथरत होता, साखर चांगली असून.

संयू दुसऱ्या मजल्यावर आहे. हातात सळी घातली. मला भेटायला आली नाही.

३० जानेवारी

घरी येऊन पाच-सहा दिवस झाले. जेवणाआधी गोळी, दर थोड्या वेळाने दोन घास, ज्वारीची भाकरी, दही, मूग. गोड बंद, गाडी चालवणं बंद. वड्या चाखायचं काम शालूबाईकडे, आणि तिची जीभ माझ्यापेक्षा तिखट आहे, ती निम्मे घाणे नापास करते. तिच्या हातावर पाकाचा डाग तळव्याएवढा राहिलाय.

घाम नाही, थरथर नाही, एकदाही नाही. मी मला परत मिळाले.

सगळ्यांनी मला माफ करून टाकलं. ज्ञानू येऊन म्हणाला, "वैनी, ती तुम्ही न्हवताच." इचलकरंजीच्या मावशीने फोनवर हेच सांगितलं. मृत्युंजय दिवसातून दहादा सांगतात. मलाही पहिले दोन दिवस ते ऐकून मोकळं वाटलं. मग काल अव्वा आमटीत मीठ विसरल्या, मी सहज म्हणाले मीठ नाही, तर तिघंही ताटावरून उठले. एक जण साखर बघायचं मशीन आणायला, एक शेंगदाणे आणायला. संयू तिच्या खोलीत. कडीचा आवाज झाला.

मी मोठ्याने बोलले की मशीन. गप्प बसले की मशीन. माझी बोटं टोचून टोचून चाळणी झाली आहेत.

३ फेब्रुवारी

मृत्युंजयनी आज सांगितलं, प्लॅस्टर निघालं की संयूचं ऑपरेशन. पुण्याची मार्चची तारीख घेतली आहे. निपाणीकर थांबायला तयार आहेत, मोठ्या मनाचे लोक आहेत.

मला वाटलं ते थट्टा करतायत. मी म्हणाले, आपण तिला यातून जाऊ देणार नाही. ते शांतपणे म्हणाले, फार थोड्यांना होतं असं डॉक्टरीण बोलली आहे, हजारात एखाद्याला. मी म्हणाले, "तो एखादा तिची आई हाय." त्यावर ते अव्वांकडे बघून म्हणाले, मशीन आण गं जरा.

संध्याकाळी संयूच्या दाराशी जाऊन मी विचारलं. त्या दिवशी ओट्याशी तू मला काय म्हणाली होतीस? हे मी हॉस्पिटलपासून सगळ्यांना विचारतेय आणि सगळे म्हणतात, सोड, आता काय त्याचं.  मग दाराआडून म्हणाली, "मी म्हटलतो, आई, मला ऑपरेशन नको. तूच सांग पप्पांना. एवढंच."

पोरीने तीन महिन्यांत एकदा तोंड उघडलं आणि ते माझ्याजवळ उघडलं.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारी जेवताना निपाणीकरांचा फोन आला. मृत्युंजयनी बोलता बोलता त्यांना मार्चची तारीख सांगितली, आणि मुलगी आनंदाने तयार आहे, असंही सांगितलं. संयू समोरच बसली होती, उजव्या हाताने भाकरी मोडायचा प्रयत्न करत. तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही. वाईट माणूस नाही तो. मी तिच्याकडे तीन महिने बघितलं नव्हतं, तसंच.

मी म्हणाले, फोन परत लावा आणि नाही म्हणून सांगा. ते म्हणाले, "दाने, तू आधी चार शेंगदाणे खा. मग बोलू."

मी ताट उचलून भिंतीवर मारलं. आमटी छताला लागली. संयू उठून खोलीत गेली, कडी लागली. मी मृत्युंजयची कॉलर धरली आणि त्यांना फ्रीजवर आपटलं. पुन्हा आपटलं. कोपर त्यांच्या गळ्यावर रोवला. त्यांचा चष्मा पडला, माझ्या पायाखाली फुटला. ते घोगऱ्या आवाजात म्हणत होते, अव्वा, साखर, साखर दे तिला.

अव्वा तांब्या घेऊन नाही, मशीन घेऊन आल्या. मी उजवा कोपर तसाच ठेवून डावा हात त्यांच्यापुढे केला. "टोचा," म्हणाले. त्यांनी टोचलं. थेंब घेतला. मशीन डोळ्यांपासून लांब धरून आकडा वाचला, मग पुन्हा वाचला.

"किती?" मृत्युंजयनी विचारलं.

"एकशे चार," अव्वा म्हणाल्या. "साखर हाय तिला, मृत्युंजया. ही दानव्वाच बोलतीया."

मी म्हणाले, "आता फोन लावा."

त्यांनी लावला. आधी पुण्याला, तारीख रद्द केली. मग निपाणीला. तिकडून काय काय ऐकून घेत ते बराच वेळ नुसते उभे होते. गळ्यावर माझ्या कोपराचा लाल पट्टा उमटला होता. फोन ठेवून ते खाली दुकानात गेले. आज दुकान बंद असतं.

मला हे सगळं आठवतंय, ताटाच्या आवाजापासून. आणि मला भीती वाटतेय, ती वेगळीच. घाम नव्हता, थरथर नव्हती, पण राग आतून तसाच लागला, बत्ता हातात असताना लागला असेल तसाच. आकडा बघितल्याशिवाय तो कुणाचा आहे हे मलाही सांगता आलं नसतं. तरी आजचा माझा होता आणि मी तो परत घेणार नाही.

मी आमटी पुसली, काचा गोळा केल्या आणि संयूच्या दाराशी जाऊन बसले. सांगितलं, ऑपरेशन रद्द झालं, निपाणीही रद्द झालं. तिने सगळं ऐकलंच असणार. एकशे चारही ऐकलं असणार. तरी कडी निघाली नाही. मी निघ म्हणून म्हणाले नाही, तशीच बसून राहिले. अव्वांनी माझ्यापुढे दह्याची वाटी आणून ठेवली, ती खाल्ली.

मग आतून, अगदी दाराजवळून, ती म्हणाली, "आई, तुझ्या हातात काय हाय?"

"काय न्हाय गं."

"दोन्ही हातात?"

"दोन्ही हातात," मी म्हणाले, आणि दाराखालच्या फटीतून तिला दिसावेत म्हणून दोन्ही हात जमिनीवर पालथे ठेवले. ती वाकली असावी. तिच्या प्लॅस्टरचा हात दाराला घासल्याचा आवाज आला. बऱ्याच वेळाने तिने कडी काढली.